वासाला वजन नसते

सुगंधी पाइप-तंबाखूची पारख करणाऱ्याला एकाच तंबाखूचे तीन वास घ्यावे लागतात. पहिला, डबा उघडताच येणारा. व्हॅनिला, चेरी, रम, कोको, मध, जे काही वरून चढवले असेल ते या पहिल्या वासात एकदम पुढे येते. दुसरा वास धुराचा. तो टाळूमागच्या वाटेने नाकात चढतो आणि बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा पुष्कळच फिका असतो, कारण वरून लावलेला अर्क उडून जाणारा असतो आणि निखाऱ्याची धग जवळ आली की पान पेटण्याआधीच तो निघून जातो. तिसरा वास खोलीत रेंगाळणारा. ओढणाऱ्याला तो फारसा कळत नाही, शेजारी बसलेल्याला मात्र तोच तेवढा कळतो. हे तिन्ही वास टिपून झाले की पुढचे प्रश्न येतात. जिभेला चटका बसतो का? पाइपच्या तळाशी ओल साचते का? निम्मी तंबाखू जळाल्यावर पानाची म्हणून काही चव उरते का? इतकी बारीक पारख करणारी मंडळी एक निकाल मात्र पारख सुरू होण्याआधीच देऊन मोकळी होतात. काहीही न मिसळलेली तंबाखू जाणकारांची आणि वास लावलेली नवख्यांची, असा तो निकाल. पाइपच्या शौकिनांमध्ये ही उतरंड इतकी रुजलेली आहे की तिचा उगम कुठला, हे विचारण्याची गरजही कोणाला भासत नाही.

ही उतरंड जिभेने ठरवलेली नाही, असे माझे म्हणणे आहे. ती इंग्लंडच्या बंदरांत, जकातीच्या तराजूवर ठरली. तंबाखूत गोड काही मिसळणे हा तिथे आधी महसुली गुन्हा होता. दोन-तीन पिढ्या तो गुन्हा राहिला आणि मग तो अभिरुचीचा दोष मानला जाऊ लागला. हा प्रवास नीट पाहिला तर सुगंधी मिश्रणाची पारख करण्याचा अधिक रास्त निकषही हाती लागतो. तंबाखूचा धूर शरीराला घातकच असतो, मग पान निव्वळ असो वा सुगंधी. त्या बाबतीत या लेखाला कोणाचीही वकिली करायची नाही. प्रश्न आहे तो समाज एखाद्या पदार्थाची प्रतवारी कशी ठरवतो आणि ज्याला आपण आपली रुची म्हणतो तिच्यात सरकारी खजिन्याचा वाटा किती असतो, हा. तंबाखूच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर जितके स्पष्ट दिसते तितके फार थोड्या पदार्थांच्या इतिहासात दिसत असेल.

सुरुवात तराजूपासून करायला हवी. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०४ साली तंबाखूच्या निषेधाची पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी तिच्यावरची जकात रत्तलामागे दोन पेन्सांवरून सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेली. ती जकात पुढे खाली आली, पण तंबाखू हे राज्याच्या उत्पन्नाचे साधन होऊ शकते ही गोष्ट कायमची ठरून गेली. १६१९ मध्ये इंग्लंडच्या भूमीवर तंबाखू पिकवायला बंदी आली. व्हर्जिनियाच्या वसाहतीचे हित हे त्यामागचे उघड कारण होते, पण त्या बंदीचा एक परिणाम त्याहून टिकाऊ ठरला. देशात ओढले जाणारे प्रत्येक पान आता समुद्रावरून येणार आणि बंदरात तोलले जाणार होते. वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपाने ही व्यवस्था सुमारे तीन शतके चालली. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात कच्च्या पानावर रत्तलामागे सुमारे तीन शिलिंग जकात होती आणि ती पानाच्या मूळ किमतीच्या कित्येक पट भरत होती. आता हिशेब मांडून पाहा. एखाद्या कारखानदाराने जकात भरलेल्या शंभर रत्तल पानात वीस रत्तल काकवी किंवा साखरेचा पाक मुरवला, तर बाजारात एकशेवीस रत्तल तंबाखू जाते आणि खजिन्यात मात्र शंभराचीच जकात जमा होते. वीस रत्तलांमागे साठ शिलिंग, म्हणजे तीन स्टर्लिंग पौंडांचे सरकारी नुकसान. ओढणाऱ्याच्या जिभेला तो पाक आवडतो की नाही, हा मुद्दा या हिशेबात कुठेच येत नाही.

सरकारने हे नुकसान थांबवण्याचे निरनिराळे मार्ग चोखाळले. १७८९ मध्ये पंतप्रधान धाकट्या पिटच्या कारकिर्दीत तंबाखूच्या कारखान्यांवर अबकारी खात्याची पाळत बसली आणि अधिकारी साठ्याच्या नोंदी तपासू लागले. १८४० च्या कायद्याने ती पाळत सैल केली आणि अल्पावधीतच तंबाखूत साखर, काकवी आणि वजन वाढवणारे काय वाटेल ते मिसळले जाऊ लागले. दोनच वर्षांत सरकारने माघार घेतली. १८४२ च्या कायद्याने तंबाखूत परकी द्रव्ये मिसळण्यावर कडक बंदी घातली. पाणी आणि मोजके अपवाद तेवढे शिल्लक राहिले. पण मिसळलेली साखर ओळखायची कशी? त्यासाठी त्याच वर्षी लंडनमध्ये अबकारी खात्याची प्रयोगशाळा उघडली आणि जॉर्ज फिलिप्स तिचे प्रमुख झाले. सूक्ष्मदर्शक, रासायनिक परीक्षा आणि काटा ही त्यांची हत्यारे. ब्रिटनच्या सरकारी रसायनज्ञाची जी प्रयोगशाळा पुढे अन्न, औषधे आणि न्यायवैद्यक तपासण्यांसाठी नावाजली, तिचा जन्म तंबाखूतली भेसळ पकडण्यासाठी झाला. तंबाखूची पद्धतशीर पारख करणारी पहिली मोठी संस्था शौकिनांची नव्हती, ती महसूल खात्याची होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या पारखीत चांगली तंबाखू म्हणजे जिच्यात पानाखेरीज काही सापडत नाही ती. आजचा शौकीन जाणकारीच्या नावाने हीच व्याख्या पुन्हा सांगत असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. भेसळ ग्राहकालाही फसवतेच. मग हा कायदा ग्राहकाच्या रक्षणासाठी होता असे का मानू नये? आक्षेपात तथ्य आहे. भलत्याच झाडांची पाने कापून तंबाखू म्हणून खपवणारे लोक त्या काळात होते आणि त्यांना आळा बसला हे गिऱ्हाइकाच्या हिताचेच झाले. पण कायद्याचा मूळ हेतू ओळखायचा असेल तर त्याने काय रोखले यापेक्षा कशाला वाट करून दिली हे पाहावे. १८६३ मध्ये, ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना, नवा कायदा झाला. कॅव्हेंडिश आणि निग्रोहेड या नावांनी विकली जाणारी गोड तंबाखू सरकारी कुलपाच्या गोदामात, अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली बनवायला त्याने परवानगी दिली. अट एवढीच की तयार मालावर, म्हणजे त्यातल्या साखरेच्या वजनासकट, कच्च्या पानापेक्षा चढ्या दराने जकात भरायची. जी साखर गोदामाबाहेर गुन्हा होती ती गोदामाच्या आत निर्दोष ठरली. साखरेने गिऱ्हाइकाचे अहित होत असते तर ते जकात भरल्याने टळले नसते. दुसरा पुरावा तारखांचा आहे. अन्नातल्या भेसळीविरुद्धचा ब्रिटनचा पहिला सर्वसाधारण कायदा १८६० मध्ये आला आणि तो परिणामकारक व्हायला १८७५ उजाडले. पाव आणि दूध यांच्या आधी कितीतरी वर्षे तंबाखूला प्रयोगशाळा मिळाली, कारण पावात मिसळलेल्या तुरटीने खजिन्याला तूट येत नव्हती.

जिथे जकात पोहोचत नव्हती तिथे काय घडत होते, तेही पाहायला हवे. ब्रिटिश आरमारातल्या खलाशांना जकातमाफीची पाने मिळत. ती पाने ते पसरत, वर रम शिंपडत, कॅनव्हासमध्ये घट्ट गुंडाळत आणि दोरीने करकचून आवळून मुरायला ठेवत. काही आठवड्यांनी त्या वळकटीचा आतला भाग काळसर, चिवट आणि गोडसर होई, आणि मग चाकूने चकत्या कापून ती ओढली किंवा चघळली जाई. हे खलाशी इंग्रजच होते. किनाऱ्यावरच्या कारकुनाची आणि त्यांची जीभ वेगळ्या जातीची नव्हती. फरक इतकाच की समुद्रावर त्यांच्या तंबाखूत कोणी वजनाचा हिशेब शोधायला येत नव्हते.

याहूनही बोलका पुरावा इंग्लंडच्या वायव्येला केंडल गावात सापडतो. १७९२ च्या सुमारास थॉमस हॅरिसन याने ग्लासगोहून तपकीर बनवण्याची विद्या आणि यंत्रे इथे आणली. त्याच घराण्याच्या सोयरिकीतून पुढे सॅम्युएल गॉविथ आणि गॉविथ हॉगार्थ ही नावे उभी राहिली. तपकिरीत अत्तरे घालण्याची परंपरा जुनीच. केंडलच्या कारखानदारांनी तीच पाइपच्या तंबाखूत आणली. टोंका नावाच्या दक्षिण अमेरिकी बीचा बदाम-व्हॅनिलासारखा वास, गुलाबगंधी जिरेनियम, कडू बदाम अशा सुगंधांनी भारलेल्या या तंबाखूचा परिमळ इतका दाट की ती एकदा ओढलेल्या पाइपला तो कायमचा चिकटतो. आता प्रश्न असा की शुद्धतेचा कायदा इतका कडक असताना या तंबाखू टिकल्या कशा? त्या टिकल्या कारण कायद्याने गोडीला अडवले, सुवासिक तेलांना मात्र सूट दिली. शंभर रत्तल पानाला वास लावायला जे थेंबभर तेल पुरते त्याने तराजूचा काटा हलत नाही, आणि काटा हलत नसेल तर महसूल खात्याचे त्यात काही जात नाही. वासाला वजन नसते, म्हणून वास सुटला. साखरेला वजन असते, म्हणून साखर पकडली गेली. इंग्रजी रुची मुळातच संयमी आहे, तिला मिसळलेले काही रुचत नाही, असे म्हणणाऱ्यांनी केंडलचा विचार करावा. कायद्याने जेवढी फट ठेवली तेवढ्यातून त्याच रुचीने तंबाखूच्या जगातला सर्वांत भडक सुगंध मनापासून आत घेतला आणि दीडशेहून अधिक वर्षे जपला.

अटलांटिकच्या पलीकडे याच्या नेमके उलटे चित्र दिसते. अमेरिकेत यादवी युद्धापर्यंत तंबाखूवर ब्रिटनसारखा जड कर नव्हता. १८६२ मध्ये युद्धखर्चासाठी तो बसला तेव्हा तिथली रुची घडून गेली होती. व्हर्जिनियातल्या रिचमंड आणि लिंचबर्ग इथल्या कारखान्यांत पाने ज्येष्ठमध आणि साखरेच्या काढ्यात बुडवून, वाळवून, वर रम किंवा टोंकाचा अर्क शिंपडून दाबाखाली वड्या बनवल्या जात. या धंद्यामुळे ज्येष्ठमधाचा व्यापार आंतरराष्ट्रीय झाला. १८५० मध्ये मॅकअँड्र्यूज आणि फोर्ब्ज या व्यापाऱ्यांनी अनातोलियातल्या ज्येष्ठमधाच्या मुळांचा जो धंदा सुरू केला, त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिकी तंबाखू कारखाने ठरले. हा धंदा तंबाखूशी इतका बांधला गेला की १९११ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन टोबॅको कंपनीची मक्तेदारी मोडली तेव्हा ज्येष्ठमधाची ही कंपनीही त्या खटल्यात प्रतिवादी होती. पाइपच्या तंबाखूत गोडी हा अमेरिकनांना दोष वाटला नाही. ते तंबाखू बनवण्याचे सर्वमान्य तंत्र होते.

इथे जाणकार दुसरा आक्षेप घेतील. अमेरिकी तंबाखू गोड झाली ती कायद्यामुळे नव्हे, पानामुळे, असे ते म्हणतील. १८६४ मध्ये ओहायोत जॉर्ज वेब आणि जोसेफ फोर कसत असलेल्या शेतावर फिकट रंगाची रोपे उगवली आणि त्यांतून पांढरी बर्ली ही जात निघाली. बर्ली सावलीत, वाऱ्यावर, कित्येक आठवडे वाळते. इतका वेळ पान जिवंतच असते आणि आपल्यातली साखर स्वतःच संपवून टाकते. त्यामुळे तिचा धूर कोरडा आणि उग्र लागतो. दुसरीकडे तिची वीण सच्छिद्र असते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा पाक ती पिऊ शकते. अशा पानाला गोडी देणे भागच होते, असे हे म्हणणे आहे. १९०७ मध्ये बाजारात आलेल्या ‘प्रिन्स अल्बर्ट’सारख्या बर्लीच्या तंबाखूंकडे पाहिले तर ते पटतेही. पण काळाचा क्रम या आक्षेपाच्या विरुद्ध जातो. रिचमंड-लिंचबर्गच्या गोड वड्या बर्लीच्या आधीच्या आहेत आणि त्या बनत होत्या व्हर्जिनियाच्या पानापासून, म्हणजे जे पान लिव्हरपूल आणि ब्रिस्टलला जहाजाने जात होते त्याच्याच भावंडांपासून. पान तेच, ओढणाऱ्यांचे मूळ बरेचसे तेच. बदलला तो कायदा, आणि त्याबरोबर रुचीही. बर्लीने अमेरिकी गोडीला बळ दिले हे खरे, पण तिची सुरुवात बर्लीने केलेली नाही.

आता उतरंडीच्या वरच्या पायरीकडे वळू. ज्याला काहीही न मिसळलेले पान म्हणतात ते खरोखर किती निव्वळ असते? व्हर्जिनिया पानाची नैसर्गिक म्हणून वाखाणली जाणारी गोडी भट्टीत घडते. १८३९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅसवेल परगण्यात अबिशा स्लेड याच्या शेतावर स्टीफन नावाचा गुलाम तंबाखूच्या कोठारातली आग सांभाळत होता. आग विझत आली तेव्हा त्याने लोहारकामाच्या भट्टीतला कोळसा आणून टाकला. एकदम वाढलेल्या कोरड्या उष्णतेने पाने सोनेरी पिवळी झाली. पुढे नळ्यांतून उष्णता खेळवण्याची रीत आली आणि या शोधाचे उद्योगात रूपांतर झाले. पान झपाट्याने वाळवले की त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि ती खर्च होण्याआधीच पान मरते. साखर आत अडकून राहते. म्हणजे बर्लीला बाहेरून जी गोडी द्यावी लागते ती व्हर्जिनियात आतूनच पक्की केली जाते. दोन्हींत माणसाचा हात सारखाच आहे. इंग्रजी मिश्रणांचा प्राण समजल्या जाणाऱ्या लताकियाची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. सीरियात आणि पुढे सायप्रसमध्ये या पानाला पाइन, मर्टल अशा सुवासिक लाकडाझुडपांची धुरी दिवसचे दिवस दिली जाते. त्याचा डांबर-चामड्यासारखा वास पानाचा नसून धुराचा असतो. लुइझियानाच्या सेंट जेम्स भागातली पेरिक पिंपात दाबून स्वतःच्याच रसात महिनोन्महिने आंबवली जाते. आल्फ्रेड डनहिलने १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान उघडले आणि गिऱ्हाइकागणिक मिश्रणे बनवून दिली, तेव्हा त्याच्या हाताशी होती ती हीच पाने. वरून पाक न घालता गोडी, धूर आणि आंबूसपणा यांचा तोल त्याने साधला. ते कौशल्य अस्सल होते आणि त्याचे श्रेय हिरावून घेण्याचे कारण नाही. पण तो तोल कायद्याच्या चौकटीत शोधलेला होता. पाक घालायला बंदी असलेल्या देशात मिश्रणकाराने धुरी दिलेल्या आणि आंबवलेल्या पानांतून वैविध्य काढले. पुढच्या पिढ्यांनी त्या मर्यादेलाच आदर्श मानले.

शुद्धतेची ही कल्पना सार्वत्रिक नाही, हे समजायला दख्खनकडे पाहावे. पोर्तुगीजांबरोबर आलेली तंबाखू इथे लवकरच रुजली. मुघल दरबारचा असद बेग १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतला तेव्हा त्याने तिथे पाहिलेली तंबाखू आणि रत्नजडित हुक्का अकबरापुढे ठेवला. हकिमांनी हरकत घेतली, तरी बादशहाने काही झुरके घेतलेच. जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूला मनाई केली, पण ती टिकली नाही. बिदरच्या कारागिरांनी हुक्क्याच्या बुडांवर चांदीची नक्षी जडवली आणि हुक्क्यात भरली जाणारी तंबाखू गुळाबरोबर कुटून, फळे आणि मसाले घालून, मुरवून बनू लागली. गुडाखू हा आपल्याकडे परिचित असलेला प्रकार त्यातलाच. दरबारी खमिऱ्यापासून, म्हणजे मुरवलेल्या सुवासिक तंबाखूपासून, चावडीवरच्या गुडगुडीपर्यंत कोणीही गूळ घातला म्हणून तंबाखू हिणकस ठरवली नाही. पारख होई ती गूळ किती मुरला, मसाल्याने घशाला त्रास होतो का, धूर गार येतो का, याची. इथे मिश्रण हाच पदार्थ होता आणि त्याची प्रत मिश्रणाच्या कसबावर ठरत होती. तंबाखूवर इथेही कर होते, पण मिसळलेल्या गुळाला प्रयोगशाळेत शोधणारी यंत्रणा नव्हती, आणि म्हणून ती यंत्रणा जन्माला घालते तो पूर्वग्रहही नव्हता.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो आजच्या सुगंधी तंबाखूंबद्दलचा आहे. वास हलके पान लपवतो. विल्हेल्म हारमान आणि फर्डिनांड टीमान यांनी १८७४ मध्ये कृत्रिम व्हॅनिलिन बनवले. त्याआधी १८६८ मध्ये विल्यम पर्किनने टोंकाचा सुगंध असलेले कुमारिन प्रयोगशाळेत तयार केले होते. जे वास दूरदेशीच्या शेंगांतून आणि बियांतून मिळत ते कारखान्यात स्वस्तात निघू लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी, डॅनिश आणि डच कारखान्यांनी वाफवून काळ्या केलेल्या पानांवर हे वास चढवून जगभर विकले. तंबाखू डब्यात ओलसर राहावी म्हणून त्यांत ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल यांसारखी द्रव्येही आली. ओलसर तंबाखू पेटत नाही, म्हणून माणूस जोरात ओढतो. जोरात ओढले की उष्ण वाफ येते आणि जीभ पोळते. सुगंधी तंबाखू चावते अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा सुगंधात नसून या ओलाव्यात असते. हा आक्षेप मला मान्य आहे, फक्त त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मान्य नाही. वास पान लपवू शकतो, तशी लताकियाची धुरीही लपवू शकते; दाट धुरीखाली कोणते पान आहे ते ओळखणे मुरलेल्यांनाही जड जाते. म्हणून दोष मिसळण्यात शोधू नये, लपवण्यात शोधावा. आणि मिसळलेले लपवते आहे की खुलवते आहे, हे ठरवायला परीक्षा आहे. डब्यातला वास नोंदवून बाजूला ठेवावा. तंबाखू थोडी वाळू द्यावी, म्हणजे ओलाव्याचा दोष वासाच्या माथी जाणार नाही. वरचा अर्क उडून गेल्यावर, पहिल्या तृतीयांशानंतर, खाली काय उरते ते पाहावे. चांगल्या मिश्रणात आत मुरवलेली गोडी आणि पानाची चव एकमेकींना धरून शेवटपर्यंत चालतात. वाईट मिश्रणात वास संपतो आणि गरम, बेचव धूर उरतो. ही परीक्षा कॅव्हेंडिशला लावता येते, तशीच लताकियाच्या मिश्रणालाही. महसुलाच्या तराजूला ती जमली नसती, कारण तिथे मोजमाप वजनाचे होते.

शेवटचा आक्षेप रुचीच्या पलीकडचा आहे. सरकारचा हात म्हणजे केवळ खजिन्याचा हात नव्हे. आज सरकारे सुगंधाविरुद्ध उभी आहेत ती आरोग्यासाठी. हे खरे आहे. अमेरिकेच्या २००९ च्या कायद्याने सिगारेटमधले मेन्थॉलखेरीजचे ठळक स्वाद बंद केले. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने सिगारेट आणि हाताने वळायच्या तंबाखूतल्या स्वादांना मनाई केली आणि एखाद्या मालाला तंबाखूव्यतिरिक्त ठळक वास आहे का, हे ठरवण्यासाठी तज्ज्ञांच्या गटाची तरतूद केली. पाइपची तंबाखू दोन्हीकडे वगळली गेली, कारण तिचे गिऱ्हाईक बहुतांशी प्रौढ आणि थोडे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर आणि पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू व सुपारीवर अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली बंदी आली. १८४२ आणि आज यांतला फरक मोलाचा आहे. तेव्हा सरकारला साखरेचे वजन सलत होते आणि वास क्षम्य होता. आज वासच सलतो, कारण तो अपायाची पहिली खूण मिटवतो आणि कोवळ्या वयाच्या माणसाला जवळ ओढतो. या भूमिकेला मी पूर्ण पाठिंबा देतो. पण तिच्यातूनही शुद्ध पान श्रेष्ठ असा निष्कर्ष निघत नाही. निव्वळ पान ओढणाऱ्याची फुफ्फुसे आणि तोंड सुरक्षित राहतात असे नाही. जाणकारीचा अभिमान हाही धुराला दिलेला एक मोहक मुलामाच आहे. सुगंधाचा खरा धोका तिसऱ्या वासात आहे, खोलीत उरणाऱ्या. तो शेजाऱ्याला धुराची तक्रार करू देत नाही, घरातल्या मुलांना तो गोड वाटतो, आणि ज्याने धुराबद्दल सावध व्हायचे त्याचेच नाक तो राजी करून घेतो. सुगंधी तंबाखूच्या विरुद्ध बोलायचे असेल तर हे बोलावे. हा आक्षेप पुराव्यावर उभा आहे.

म्हणून माझा आग्रह दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा आहे. आरोग्याचा निवाडा सगळ्या तंबाखूला सारखाच लागू आहे आणि तो प्रतिकूलच आहे. कसबाचा निवाडा करायचा तर तो मिश्रणाने पानाशी काय केले यावर व्हावा, मिश्रण आहे की नाही यावर नव्हे. या दोहोंच्या मधे शुद्धता नावाचा जो तिसरा निवाडा उभा राहिला, तो आरोग्यातूनही आला नाही आणि कसबातूनही नाही. तो लंडनच्या अबकारी प्रयोगशाळेतून आला आणि जकातीचा दर बदलला, कायदा सैलावला, तरी शौकिनांच्या बोलण्यात टिकून राहिला. खाण्यापिण्याच्या ज्या ज्या पदार्थात ‘अस्सल’ आणि ‘भेसळीचे’ अशी रेघ ओढलेली आपल्याला दिसते, तिथे ती रेघ कोणी ओढली आणि तिच्यावर कोणाचा महसूल अवलंबून होता, हे विचारण्याची सवय तंबाखूच्या या इतिहासाने लावावी. काही रेघा खरोखर ग्राहकाच्या भल्यासाठी ओढलेल्या आढळतील आणि त्या जपायला हव्यात. पण ज्या केवळ वजनासाठी ओढल्या गेल्या, त्यांना आपली रुची मानण्याचे कारण उरत नाही.